सावडीचा बैल, चिकाचं भांडं

नगरहून मनमाडकडे जाणारा रस्ता राहुरी मागे टाकून प्रवरेवर येतो, तेव्हा नदीच्या दोन काठांवर दोन कोल्हार लागतात. दक्षिणेला राहुरी तालुक्यातलं कोल्हार खुर्द आणि उत्तरेला राहाता तालुक्यातलं कोल्हार बुद्रुक. बुद्रुकची ओळख भगवतीमातेची. पौष पौर्णिमेला तिची यात्रा भरते. आज हा सगळा पट्टा उसाचा आणि पेरूच्या बागांचा आहे. शंभर वर्षांपूर्वी इथं ज्वारी-बाजरी होती, आणि माणसाची ऐपत गोठ्यातल्या बैलांवरून ठरत होती.

गोठे मात्र बहुतेकांचे अर्धे. प्रवराकाठची काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी तापते. ती फोडायला जड लाकडी नांगर लागे आणि त्याला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. कुळंब्याच्या घरी असायची एक जोडी. कुणाकडे तर एकच बैल. अशा वेळी एकाचे दोन, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचे दोन असे बैल एकत्र येत आणि नांगर पाळीपाळीने प्रत्येकाच्या रानात फिरे. याचं नाव सावड. काही भागांत याच रीतीला वारंगुळा म्हणतात.

सावडीचा हिशेब तोंडी चाले. बैलाचा एक दिवस घेतला तर बैलाचा दिवस परत द्यायचा. बैल नसेल तर अंगमेहनतीचे दिवस भरायचे. पण या हिशेबात एक खोच होती. तो कधी पुरता मिटत नसे. कुणाकडे तरी अर्धा दिवस राहायचा, आणि तो राहिलेला असायचा म्हणूनच पुढच्या मृगाला पुन्हा एकमेकांच्या दारात जायला कारण मिळे. फिटंफाट झाली की संबंधही फिटले, असं मानणारा हा समाज होता.

इर्जिक या दुसऱ्या रीतीत तर हिशेबच नव्हता. घरधनी आजारी पडला, बाई एकटी राहिली, किंवा वाफसा आला आणि हात अपुरे पडले तर सांगावा जाई. वाफसा कुणासाठी थांबत नाही. ठरल्या दिवशी औतं आणि माणसं शेतावर हजर होत, भलरीच्या सुरात काम उरकत, आणि मजुरी म्हणून फक्त पोटभर जेवण घेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७च्या आवृत्तीत सावड आणि इर्जिक हे दोन्ही शब्द नोंदलेले आहेत, म्हणजे रीत त्याहून जुनी.

या आठवणींना फार साखर लावण्याचं कारण नाही. सावड बैलवाल्यांची होती. ज्याला ना बैल ना जमीन, त्याच्या वाट्याला वेठ आली. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गांव-गाडा’ लिहिला, तेव्हा बलुत्याच्या देण्याघेण्यातली ओढाताण त्यांनी स्पष्ट मांडली. महारांकडून घेतल्या जाणाऱ्या राबणुकीला तर मैत्री म्हणताच येत नाही. ही राबणूक ज्यांच्याशी बांधलेली होती ती महारवतनं गेली ती १९५८च्या कायद्यानंतर.

बायकांची सावड चुलीपाशी चाले आणि तिची नोंद कुणी कोशात शोधायला जात नाही. विरजण मोडलं की शेजारून चमचाभर दही येई. उसनं पीठ सपाट वाटीने न्यावं आणि परत देताना वाटीला शीग लावावी, हा शिरस्ता. गाय-म्हैस व्याली की चीक घरोघर जाई, आणि ते भांडं कोरडं परत येत नसे. तळाशी गुळाचा खडा किंवा मूठभर धान्य असेच.

१९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं आणि कालव्यांचं पाणी खात्रीचं झालं. ऊस वाढला, हिवाळ्यात गुऱ्हाळं धडधडू लागली. गुळव्या काहिलीशी उभा, चुलवाणात चिपाडं ढकलली जाताहेत, आणि वाटेने जाणारा कुणीही आत वळून रस पितो आहे. गुऱ्हाळावरून पाहुण्याला तसंच जाऊ देणं कमीपणाचं मानलं जाई. जाताना काकवीचं भांडं हातात.

कोल्हारहून घोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोणी लागतं. तिथं १९२३ साली विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी पतपेढी काढली. सावकाराच्या कर्जाला कंटाळलेल्या भागात हे मोठं पाऊल होतं. पण त्या काळच्या शेतकरी पतपेढ्यांची अट कडक असे. सभासदांची जबाबदारी अमर्याद. एकाने बुडवलं तर बाकीच्यांच्या घरावर येणार. शिवाय कर्जाला जामीन हवा. असा जामीन कोण राहील? ज्याचा बैल आपल्या नांगराला चालला आहे, तोच. सहकाराच्या इतिहासात कायदे, भांडवल आणि पुढारी यांच्यावर पुष्कळ लिहिलं जातं. त्याखालचा हा विश्वासाचा थर तितकाच महत्त्वाचा होता. लोणीजवळ प्रवरानगरला धनंजयराव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०च्या अखेरीस त्याचं धुराडं पेटलं. त्याचे भागधारक याच गावांतले शेतकरी होते.

त्याच कारखान्यामुळे गुऱ्हाळं विझली, हेही खरं. उसाची मोळी वजनकाट्यावर गेली, पावती मिळाली, आणि रस्त्याने जाणाऱ्याला आत बोलवायची जागा उरली नाही. सावडीला आधी लोखंडी नांगराने धक्का दिला, कारण त्याला बैल कमी लागत; पुढे ट्रॅक्टरने तिचं कामच संपवलं. आता नांगरट एकरावर ठरते, पैसे जागेवर दिले जातात, आणि ट्रॅक्टरवाल्याकडे कुणाचा अर्धा दिवस राहत नाही.

हुरड्याच्या दिवसांत आगटीभोवती मंडळी अजून जमतात. चीक बाजारात विकतही मिळतो. शेजारून आला असेल, तर भांडं धुऊन परत देऊ नका. तळाला काहीतरी ठेवा.