ट्रकचा एअर फिल्टर बदलताय? तुर्भ्याला माल नेणाऱ्या गाडीवाल्यांनी आधी हे पाहावं

जुन्नर : ओतूर, नारायणगाव भागातून कांदा-टोमॅटो भरलेल्या गाड्या माळशेज नाहीतर बोरघाट उतरून पहाटे तुर्भ्याच्या बाजार समितीत लागतात. माल खाली झाला की ड्रायव्हर मोकळा. त्याच वेळात बाहेरच्या दुकानातून फिल्टर, बेल्ट, बल्ब घेतले जातात. फिल्टर घेताना मात्र "तसाच दिसतोय ना, मग द्या" एवढंच बघतात, आणि तिथंच घोळ होतो.

१ लिटर डिझेल जळायला किमान १० हजार लिटर हवा लागते, प्रत्यक्षात इंजिन त्याहून जास्तच ओढतं. शेताच्या कच्च्या रस्त्यानं पुढच्या गाडीच्या मागं चालताना त्या हवेबरोबर किती माती येत असेल, बघा. ती माती टर्बोची पाती, पिस्टन रिंगा आणि लायनर घासून टाकते. मग गाडी ऑइल खाते, निळसर धूर मारते. १९१५ मध्ये अमेरिकेत फ्रँक डोनाल्डसन नावाच्या ट्रॅक्टर विकणाऱ्या माणसानं शेतकऱ्याचं इंजिन धुळीनं बिघडतंय म्हणून साधा एअर क्लीनर करून दिला. त्यातूनच पुढं डोनाल्डसन कंपनी उभी राहिली. म्हणजे हे दुखणं आपलंच, शेतातलं.

आमच्या भावकीतल्या एका गाडीला निम्म्या किमतीचा फिल्टर बसवला होता. तोंडाचं रबर दोन सूत कमी. दोन महिने झाले तरी फिल्टर स्वच्छच, म्हणून सगळे खूश. तो स्वच्छ होता कारण धूळ बाजूनंच आत जात होती! टर्बो आणि हाफ इंजिनचं काम निघालं. ऐन कांद्याच्या हंगामात गाडी ३ आठवडे उभी, आणि हप्ता चालूच.

बाजारात कागदी फिल्टर असतात, तसे धुऊन परत वापरायचे, ऑइल लावलेले कापडी फिल्टरही मिळतात. जुन्या गाड्यांना आणि ट्रॅक्टरला ऑइल बाथ आहेच. कापडी फिल्टरनं पिकअप वाढतो असं सांगतात. मालवाहू गाडीला माझ्या मते तो नको. हवा मोकळी जाते तशी बारीक धूळही जाते. ९९.९ टक्के धूळ अडवणारा आणि ९९ टक्के अडवणारा, ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण दुसऱ्यातून दहापट माती आत जाते. शिवाय ऑइल जास्त झालं तर ते एअर फ्लो सेन्सरवर बसतं. बीएस-६ गाडी असेल तर हे जास्त जपा. डबा काढून उघडा कोन फिल्टर लावणं तर अजिबात नको. तो इंजिनाजवळची गरम, पातळ हवा ओढतो आणि घाटात गाडी दम टाकते.

घेताना जुना फिल्टर सोबत न्या. पार्ट नंबर, उंची, आतला-बाहेरचा व्यास जुळवा. रबर दाबून बघा, ते मऊ हवं आणि लगेच पूर्ववत यायला हवं. कागदाच्या घड्या सारख्या अंतरावर असाव्यात. आत बॅटरी पेटवून बाहेरून बघा, प्रकाशाचा ठिपका दिसला तर परत द्या. खोक्यावर आयएसओ ५०११ चाचणीचा उल्लेख असेल तर बरं. फ्लीटगार्ड, महले, बॉश ही चालणारी नावं, पण नाव मोठं तेवढी नक्कल जास्त. पक्कं बिल घ्याच.

आतला छोटा सेफ्टी फिल्टर बरेच जण काढून फेकतात. तसं करू नका, आणि तो हवा मारून साफही करू नका. बाहेरचा तीनदा बदलला की आतला एकदा बदलायचा.

बाहेरचा फिल्टर टायरवर आपटून झाडायची आपली सवय आहे, त्यानं कागद फाटतो. हवा मारायचीच तर कमी दाबानं, आतून बाहेर. रोज उघडून बघण्यापेक्षा डब्यावरचा इंडिकेटर लाल झाला की उघडा. थोडी धूळ बसलेला कागद नव्यापेक्षा चांगलं गाळतो. पावसाळ्यात माळशेज उतरून आल्यावर मात्र बघा, कागद ओला असेल तर बदला. डब्याखालचा धूळ सोडणारा रबरी व्हॉल्व्ह तुटला असेल तर तोही घ्या.

नवा बसवल्यावर आठवड्यानं फिल्टरच्या पुढची, टर्बोकडं जाणारी नळी सोडवा आणि आतून बोट फिरवा. बोटाला माती लागली तर क्लॅम्प आणि रबर दोन्ही तपासून मगच पुढची खेप भरा.