तळटीप : शिकारीच्या रानातली अर्धवट तोड

लेखकाने 'रान उघडे केले' एवढ्यावर उरकले आहे, म्हणून थोडा खुलासा. अमेरिकेच्या ईशान्य व मध्यपश्चिम भागांत अनेक खासगी जमीनमालक पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या शिकारीसाठी रानाची अशी मशागत करतात. जुने, दाट रान दिसायला भव्य, पण हरणाला तिथे खायला फारसे नसते. वरचे छत मिटले की जमिनीवर ऊन पोचत नाही आणि हरणाचे तोंड पोचते तिथवर, म्हणजे चार-पाच फुटांपर्यंत, पाला उरत नाही. म्हणून हिवाळ्याच्या अखेरीस तांबड्या मेपलसारखी, लाकडाला फारसा भाव नसलेली झाडे निवडतात. छातीच्या उंचीवर खोड दोन-तृतीयांशाहून थोडे जास्त कापून झाड हळूच आडवे करतात. एका बाजूची साल आणि थोडे लाकूड बिजागरीसारखे जोडलेले राहते, त्यामुळे आडवे झाडही काही वर्षे पालवत राहते. शेंडा हरणाच्या तोंडाशी येतो, शिवाय त्याला आडोसा मिळतो. पांढऱ्या ओकला मात्र हात लावत नाहीत. उलट त्याच्याभोवतीची गर्दी काढतात, कारण त्याची कमी तुरट फळे हरणांना विशेष आवडतात. काम जोखमीचे आहे: ताणलेले खोड उभे चिरून कापणाऱ्याच्या अंगावर येऊ शकते. शिवाय हरणे फार वाढली तर ती ओकची रोपेच फस्त करतात. लेखक ही बाजू सांगत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. तिकडे जमीन स्वतःची असली तरी हरीण राज्याच्या अखत्यारीत येते, शिकारीचा हंगामही राज्यच ठरवते.