बॉम्बे : गेटवे ऑफ इंडिया

मुंबई शहरावरील रंगीत छायाचित्रांचा ग्रंथ. छायाचित्रकार रघुबीर सिंग (१९४२–१९९९). न्यूयॉर्कच्या ‘ॲपर्चर’ या छायाचित्रणाला वाहिलेल्या प्रकाशनसंस्थेने तो १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. प्रास्ताविक म्हणून सिंग आणि लेखक व्ही. एस. नायपॉल यांचा संवाद त्यात आहे. शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई होण्याच्या आदल्या वर्षीचा हा ग्रंथ असून, आर्थिक उदारीकरणाच्या उंबरठ्यावरचे शहर त्यात पाहायला मिळते.

सिंग मूळचे जयपूरचे. कलात्मक छायाचित्र म्हणजे कृष्णधवल, असा जगभर समज होता तेव्हापासून, म्हणजे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, त्यांनी रंगीत छायाचित्रणाची कास धरली. राजपूत व मुघल लघुचित्रांचा वारसा लाभलेल्या भारतीय नजरेला रंग वगळून जग पाहता येत नाही, अशी त्यांची ठाम धारणा होती. हातात धरून वापरायचा ३५ मिमी कॅमेरा आणि कोडॅक्रोम ही पारदर्शिका फिल्म ही त्यांची मुख्य साधने.

‘झवेरी बाजार’ (१९८९) हे या ग्रंथातील गाजलेले छायाचित्र. सराफी दालनाच्या काचांमुळे आतली गिऱ्हाइके आणि बाहेरची वर्दळ एकाच चौकटीत येतात. प्रतिबिंबांमुळे दुकान कुठे संपते आणि रस्ता कुठे सुरू होतो, हे चटकन उमगत नाही. पाहणाऱ्याची नजर एका जागी ठरत नाही. रंगांच्या आधारानेच ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाते. लघुचित्रात जसे अनेक प्रसंग शेजारी शेजारी नांदतात, तशीच ही रचना आहे. त्याच वर्षीचे चौपाटीवरील गणपती विसर्जनाचे छायाचित्रही प्रसिद्ध आहे.

या छायाचित्रांतून रंग काढून घेतले, तर केवळ शोभा जाणार नाही, मांडणीच कोसळेल. श्रीमंती आणि कष्ट, घर आणि रस्ता यांना मुंबईत एकमेकांपासून फार दूर राहता येत नाही. ती दाटी एकाच चौकटीत सामावण्याचे काम येथे रंग करतात, आणि हेच या ग्रंथाचे सर्वांत मोठे यश होय.

सिंग यांना १९८३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचा निवडक कामाचा ग्रंथ ‘रिव्हर ऑफ कलर’ १९९८ मध्ये निघाला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये ‘मॉडर्निझम ऑन द गँजेस’ हे त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले.