व्यापारी पेठेतील पादचारी : शाहूपुरीच्या वाहनतळाचा ऐतिहासिक विचार

पायी चालणाऱ्यास रस्ता उरलेला नाही आणि वाहनधारकास वाहन उभे करण्यास जागा मिळत नाही, अशा दोन तक्रारी कोल्हापूरच्या मध्यवर्ती भागात एकाच वेळी ऐकू येतात. त्या परस्परविरोधी मानून त्यांवर स्वतंत्र उपाय सुचविण्याची प्रथा आहे. या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असल्याचे शाहूपुरी या पेठेच्या इतिहासाच्या आधारे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जुने कोल्हापूर तटबंदीच्या आत, अंबाबाईच्या मंदिराभोवती वाढले. त्या तटाचा अवशेष बिंदू चौकात अद्याप उभा आहे. इ.स. 1891 मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्ग सुरू झाला, तेव्हा स्थानक या जुन्या वस्तीबाहेर, जयंती नाल्याच्या पलीकडे आले. राजर्षी शाहू महाराजांनी 1894 मध्ये राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी, 1895 मध्ये, शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली. येथील बऱ्याच गल्ल्या आजही पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमांकांनीच ओळखल्या जातात. आपोआप वाढलेल्या गावात गल्लीला नाव मिळते, आखून वसविलेल्या पेठेत क्रमांक मिळतो. शाहूपुरीची आखणी माल येण्या-जाण्यासाठी झाली होती, हे विसरून तिच्या आजच्या कोंडीचा विचार करता येणार नाही.

हा माल मुख्यत्वे गुळाचा होता. दसरा-दिवाळीनंतर गुऱ्हाळे पेटत आणि आसपासच्या गावांतून गुळाच्या रव्यांनी भरलेल्या बैलगाड्या पेठेत येत. सौदा निघे, हमाल रवे उतरवीत, माल अडत्याच्या वखारीत जाई आणि मग गाडीला गल्लीत काम उरत नसे. बैलाला वैरण-पाणी लागते. तो दिवसभर दुकानाच्या दाराशी बांधून ठेवण्याची वस्तू नव्हे. त्यामुळे हंगामात पेठेत गर्दी कितीही झाली तरी ती वाहती गर्दी होती. ‘वाहनतळ’ हा शब्द त्या काळच्या व्यापाऱ्याला बहुधा अनोळखी वाटला असता. गाडी येई ती जाण्यासाठीच.

पुढे गुळाचे सौदे बाजार समितीच्या श्री शाहू मार्केट यार्डात गेले. वखारींच्या जागी दुकाने, कार्यालये, दवाखाने व लॉज आले. मध्यवर्ती बसस्थानक जवळच असल्याने प्रवाशांची वर्दळही वाढली. रस्त्यांची रुंदी मात्र पूर्वीचीच राहिली. बदल झाला तो वाहनाच्या वर्तनात. आजचे वाहन येते आणि थांबते. त्यातही ग्राहकाच्या आधी दुकानदाराचे व नोकरांचे वाहन सकाळी दाराशी लागते आणि रात्री शटर ओढल्यावरच हलते, ही बाब व्यापाऱ्यांच्या निवेदनांत सहसा आढळत नाही. एका मोटारीस 2.5 बाय 5 मीटर, म्हणजे 12.5 चौरस मीटर जागा धरली जाते. प्रधानमंत्री आवास योजनेतील दुर्बल घटकांच्या घरासाठी चटईक्षेत्राची मर्यादा 30 चौरस मीटर ठेवण्यात आली होती. अडीच मोटारींएवढ्या जागेत एक कुटुंब बसविणारी व्यवस्था रस्त्यावरील तेवढीच जागा दिवसभर विनामूल्य देते, हे चमत्कारिकच म्हटले पाहिजे. पदपथाची किमान मोकळी रुंदी 1.8 मीटर असावी, असे भारतीय रस्ते काँग्रेसचे मानक सांगते. ती रुंदी या थांबलेल्या वाहनांखालीच गेली आहे.

बहुमजली वाहनतळ हा यावरील लोकप्रिय उपाय आहे. अंबाबाई मंदिर परिसरासाठी सरस्वती टॉकीजजवळ तसे काम हाती घेण्यात आले. बाहेरगावच्या भाविकांसाठी ते योग्यही आहे. परंतु दाराशी फुकट जागा मिळत असताना दुकानदार चार मजले चढून पैसे देऊन वाहन का ठेवील? 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने वाहनतळाचे शुल्क जमिनीच्या मूल्याशी जोडण्याची शिफारस केली होती. डोनाल्ड शूप या अमेरिकन अभ्यासकाने 2005 मधील आपल्या ग्रंथात फुकट वाहनतळाची किंमत सर्व समाज भरतो, असे मांडले. पुण्यात 2018 मध्ये वाहनतळ धोरण मंजूर झाले. मात्र विरोधामुळे त्याची अंमलबजावणी रेंगाळली. 11 डिसेंबर 2021 रोजी पुण्याचा लक्ष्मी रस्ता पादचारी दिनानिमित्त वाहनांना बंद ठेवण्यात आला, तोही एका दिवसापुरताच.

कोल्हापुरात शुल्काचा प्रश्न याहून नाजूक आहे. सुमारे 50 किलोमीटर रस्त्यांच्या प्रकल्पासाठी 2008 मध्ये खाजगी कंपनीशी करार झाला, 2013 मध्ये टोलवसुली सुरू झाली आणि प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या ज्येष्ठांच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय आंदोलन उभे राहिले. अखेर 2015 च्या शेवटी शासनाने टोल रद्द केल्याची घोषणा केली. रस्त्याच्या वापरासाठी पैसे मागणाऱ्या कोणत्याही योजनेकडे हे शहर त्या स्मृतीतूनच पाहणार. म्हणून येथे क्रम उलटा हवा. आधी पदपथ मोकळा व्हावा, वाहनांसाठी मंजूर होऊन गोदामे बनलेली तळघरे परत मिळावीत, मालवाहतुकीस सकाळची वेळ नेमून द्यावी. शुल्क त्यानंतर, आणि ते ठेकेदाराच्या नव्हे तर त्याच गल्लीच्या खात्यावर.

हा विचार शाहूपुरीस अगदीच परका नाही. गणेश चतुर्थीस कुंभार गल्लीत मूर्ती नेण्यासाठी लोटणाऱ्या गर्दीपुढे वाहनांनाच वाट सोडावी लागते. मूर्ती डोक्यावर वा हातगाडीवर घेऊन लोक गल्लीतून चालत बाहेर पडतात, आणि वर्षातील सर्वांत मोठी विक्री त्याच दिवसांत होते.