मध्यरात्रीपर्यंतचा व्हिसा

जुलै 1989. भुयारी रेल्वे कोखश्ट्रासेला पोचते तेव्हा डब्यात घोषणा होते: पश्चिम बर्लिनमधलं हे शेवटचं स्टेशन. तुमच्याबरोबर फ्री युनिव्हर्सिटीतले आठ-दहा परदेशी विद्यार्थी आहेत. सेमिस्टर संपलंय, खोल्या रिकाम्या करायच्यात. पुढच्या आठवड्यात कोणी लिमाला जाणार, कोणी अंकाराला, तुम्ही पुण्याला. सगळ्यांनी मिळून एक दिवस पूर्व बर्लिन पाहायचं, हे कधीपासून नुसतं ठरत होतं. आज मुहूर्त लागलाय.

पुढे गाडीचा वेग कमी होतो. फ्रान्झोझिशे श्ट्रासे स्टेशन येतं, पण गाडी थांबत नाही. 1961 साली भिंत उभी राहिली तेव्हापासून ते बंद आहे. गाडी पश्चिमेची, पण डोक्यावरची जमीन पूर्वेची. मिणमिणत्या उजेडात रिकामा फलाट सरकत जातो, खांबाआड एक बंदूकधारी पहारेकरी दिसतो. डब्यातल्या गप्पा आपोआप बंद पडतात.

फ्रीडरिशश्ट्रासेला उतरता. पासपोर्ट तपासणी म्हणजे एका माणसापुरता बोळ. तुमच्या मागे, वरच्या बाजूला तिरका आरसा आहे. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याला त्यात तुमची पाठ दिसते. तो कानावरचे केस मागे घ्यायला सांगतो. फोटोतला कान आणि समोरचा कान ताडून पाहतो. व्हिसाचे 5 मार्क. शिवाय 25 पश्चिमी मार्क देऊन तेवढेच पूर्वेचे मार्क घेण्याची सक्ती. ते सीमेबाहेर न्यायचे नाहीत. मध्यरात्रीच्या आत परत फिरायचं. मग दाराची कळ खरखरते आणि तुम्ही दुसऱ्या देशात असता.

आधी जाणवतो तो धूर. ट्राबांट गाड्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनांचा, तेल मिसळलेल्या पेट्रोलचा, थेट पुण्यातल्या रिक्षांसारखा. ॲल्युमिनियमची नाणी इतकी हलकी की खिशात आहेत की नाहीत कळत नाही. साधा पाव 5 फेनिशला, ट्रामचं तिकीट 20 फेनिशला. 25 मार्क संपवायचे कसे, हाच दिवसभराचा प्रश्न होऊन बसतो. अर्धे पैसे पुस्तकांत जातात. पेर्गामोन संग्रहालयात बाबिलोनचं निळं इश्तार द्वार पाहून होतं, टीव्ही टॉवरवर चढून होतं. वरून भिंतीची दोन्ही अंगं दिसतात.

पण तुमचे पाय ओढ घेतात ते उंटर डेन लिंडनवरच्या हुम्बोल्ट विद्यापीठाकडे. आत जिन्यासमोर मार्क्सचं वचन सोनेरी अक्षरांत कोरलेलं आहे. मराठी माणसाला मात्र इथे दुसरंच काही आठवतं. 1930 साली इरावती कर्व्यांना डॉक्टरेट मिळाली ती याच विद्यापीठाची. संशोधन केलं ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, डालेममधल्या मानववंशशास्त्राच्या संस्थेत. कवट्यांच्या मोजमापांतून वंशभेद दिसावा अशी मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची अपेक्षा होती. बाईंना तो दिसला नाही, आणि दिसला नाही असंच त्यांनी लिहिलं. त्या डालेमच्या इमारतीत आता तुमच्या फ्री युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्र विभाग आहे. इरावतीबाईंचं एकच बर्लिन होतं. तुमच्या वेळी डालेम एका राज्यात आणि उंटर डेन लिंडन दुसऱ्या.

विद्यापीठासमोरच्या बाकावर एक मुलगी वाचत बसलेली आहे. बोलणं सुरू होतं. तुम्ही परत कसे जाणार, असं ती विचारते. फ्रँकफुर्टहून मुंबई, तुम्ही सांगता. मग पुण्याला यायचं आमंत्रणही देऊन टाकता, आपल्याकडे देतात तसं.

ती बोटांवर हिशेब करते. "पश्चिमेत आमचं कोणी नातेवाईक नाही. बायकांना साठाव्या वर्षी पेन्शन मिळते, मग बाहेर जाऊ देतात. मी बावीस वर्षांची आहे. 2027 मध्ये येईन."

ती हे थट्टेत म्हणत नाही. रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तशा सुरात सांगते.

तुम्ही पुढच्या काळातून आलेले आहात. चार महिन्यांत काय होणार, हे त्या बाकावर फक्त तुम्हाला माहीत आहे. पण सांगणार कसं? कारणं दूर झाली नाहीत तर भिंत 50, अगदी 100 वर्षांनीही उभी असेल, असं पूर्व जर्मनीचे सर्वेसर्वा होनेकर यांनी जानेवारीतच जाहीर केलंय. फेब्रुवारीत ख्रिस ग्युफ्रॉय हा 20 वर्षांचा तरुण भिंत ओलांडताना गोळी लागून मेला. हंगेरीने मे महिन्यात सीमेवरचं कुंपण काढायला घेतलंय खरं, पण त्यातून काय निघणार हे अजून कुणाच्याच ध्यानीमनी नाही.

भिंत म्हटलं की आपण काँक्रीट आणि काटेरी तारा डोळ्यांसमोर आणतो. मला विचाराल तर खरी भिंत त्या मुलीच्या हिशेबात होती. तिचं आयुष्य पहाऱ्याच्या चौकीवर नव्हे, सरकारी नियमाच्या एका ओळीत अडवलेलं होतं. आणि तुम्ही, परक्या देशातले विद्यार्थी, 30 मार्क टाकून सकाळी आत येऊ शकत होता नि रात्री बाहेर पडू शकत होता. याचा राग यायलाच हवा.

रात्री परतीच्या तपासणीसाठी तुम्ही स्टेशनलगतच्या काचेच्या दालनात रांग लावता. बर्लिनकर त्याला ट्रेनेनपालास्ट, म्हणजे अश्रूंचा महाल म्हणतात. पश्चिमेला परतणाऱ्यांना पूर्वेतली माणसं दाराबाहेर निरोप देतात. एक आजोबा नातवाचा हात सोडत नाहीत.

9 नोव्हेंबर 1989 च्या रात्री बोर्नहोल्मर श्ट्रासेचं फाटक उघडलं, आणि त्या मुलीला 2027 ची वाट पाहायची गरज उरली नाही. ट्रेनेनपालास्ट आता संग्रहालय आहे. तिथे तपासणीचा एक बोळही ठेवलेला आहे. शिकायला म्हणून बर्लिनला गेलात, तर परतण्याआधी तिथे जाऊन त्या बोळात एकदा उभे राहा. प्रवेश मोफत आहे.