लोखंडी चकतीचा इतिहास

इतिहास म्हटला की श्रोत्यांना किल्ले, तह आणि लढाया ऐकण्याची सवय असते. आम्ही पडलो कामगारांत वावरणारी माणसे. आमच्या वाट्याला आलेला इतिहास पत्र्याला पडलेल्या भोकांचा आहे. तळहातावर मावेल एवढी पोलादी चकती भोकात बसवायची आणि तिची कड वेल्डिंगने जोडायची, हे काम आपल्या मिरकरवाड्याच्या बंदरावर चालते, तसेच मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतही चालते. त्याची नोंद कोणी ठेवत नाही. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत कारागिरी कशी बदलली हे त्या चकतीवरून चांगले समजते.

आपल्या किनाऱ्यावर पूर्वी जहाज म्हणजे लाकूड. फळ्यांच्या फटीत कापूस ठोसून वर राळतेलाचा लेप दिला की पाणी थांबे. पुढे आगबोटी आल्या आणि पत्र्याला पत्रा जोडण्यासाठी रिबिटे आली. पंचाने भोक पाडायचे, तापून लाल झालेले रिबिट त्यात घालायचे, एकाने आतून टेकू द्यायचा आणि दोघांनी घण मारायचे. रिबिट तापवणारा चौथा. ब्रिटिश गोद्यांत मजुरी रिबिटांच्या संख्येवर मोजली जाई. पंचाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर पत्र्याची एक गोल टिकली खाली पडे आणि भंगारात जाई.

या लोखंडी जगाशी रत्नागिरीचा संबंध पोटापाण्याचा होता. 1921 च्या खानेसुमारीत मुंबईतील सुमारे 2 लाख 35 हजार माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. म्हणजे शहरातील दर पाच माणसांमागे एक. पुष्कळजण गिरण्यांत गेले, तर काही गोदीत, रेल्वेच्या कारखान्यांत आणि आगबोटींवर लागले.

आता वेल्डिंगकडे वळू. विजेच्या ठिणगीने लोखंड जोडण्याची विद्या बांधणीपेक्षा डागडुजीत आधी रुजली. स्वीडनमधील ऑस्कर शेलबर्ग याला बॉयलरच्या गळक्या रिबिटांची दुरुस्ती करायची होती. त्यातून लेप दिलेली वेल्डिंगची कांडी निघाली, आणि 1904 साली त्याने कंपनी काढली. 1917 मध्ये अमेरिकेत अडकलेल्या जर्मन जहाजांची यंत्रे त्यांच्याच खलाशांनी फोडून ठेवली होती. त्यांतली कित्येक वेल्डिंगने पुन्हा चालती झाली. संपूर्ण वेल्डिंगचे ‘फुलागर’ हे जहाज ब्रिटनमध्ये तरंगले ते 1920 साली. म्हणजे ठिगळ आधी, जहाज मागाहून! पण जहाज आले तसे चौघांचे काम एकाकडे गेले. वेल्डिंग कोणत्या धंद्याने करायचे, यावरून 1930 नंतरच्या दशकात ब्रिटनमधील मालक आणि संघटना यांच्यात तंटे झाले. रिबिटवाल्याचे पुढे काय, हा त्यामागचा खरा प्रश्न होता.

चकती आणायची कोठून? पंचाखाली पडलेली टिकली फुकट मिळते. मात्र तिची कड फाटलेली आणि कडक झालेली असते, म्हणून ती घासून घ्यावी लागते. गॅसकटरने परकारासारखा फेर घेऊन चकती कापता येते. नंतर तिची कड साफ करावी लागते. पुष्कळ नग हवे असतील तर पत्र्याचे तुकडे एकत्र आवळून लेथवर उतरवतात. सर्वांत सोपे म्हणजे गोल सळईचा काप. पण यात एक गोम आहे. पोलादातील मळीच्या रेघा सळईत लांबीच्या दिशेने ओढल्या जातात. काप घेतला की त्या चकतीच्या आरपार येतात आणि पाण्याला झिरपायला वाट मिळते. पत्र्यात त्या आडव्या निजलेल्या असतात. शिवाय सळई कमानीच्या पोलादाची निघाली, तर जोड थंड होताना तडकतो. म्हणून पाण्याच्या किंवा दाबाच्या कामाला ओळखीच्या मऊ पत्र्याची चकती बरी.

चकती गोल का, याचाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईने वेल्डिंगची जहाजे बांधली. जानेवारी 1943 मध्ये ‘स्केनेक्टडी’ हे नवे तेलवाहू जहाज धक्क्याला उभे असतानाच मधोमध फाटले. अशा अपघातांच्या तपासात दिसले की थंडीत ठिसूळ होणारे पोलाद आणि सदोष जोड यांच्याबरोबर चौकोनी झाकणांचे कोपरेही घातक ठरले होते. कोपऱ्यात ताण साठतो. गोलाला कोपरा नसतो. तरीही लहान चकतीला चहूबाजूंनी पत्रा धरून ठेवतो, आणि जोड निवताना आकसतो. म्हणून जाणता कारागीर चकतीला किंचित फुगवटा देतो, समोरासमोर टाके मारतो आणि घाई करीत नाही.

ही घाई न करण्याची किंमत मजुरी ठरवताना कोणी धरत नाही. नगावर पैसे मिळाले की कारागीर घाई करणारच. डिझेलच्या रिकाम्या टाकीचे भोक बुजवताना तर ही घाई जिवावर बेतते. टाकी रिकामी दिसली तरी वाफ आत असते. ज्वालाग्राही माल भरलेली टाकी निर्धोक केल्याशिवाय तिला वेल्डिंग करू नये, असे 1948 च्या कारखाने कायद्याच्या 37 व्या कलमात स्पष्ट लिहिले होते. पण दोन माणसांच्या पत्र्याच्या शेडमध्ये कायदा वाचून कोण दाखवणार?

म्हणून श्रोत्यांना एवढेच सांगणे आहे. टाकी दुरुस्तीला नेताना, तीत पूर्वी काय भरले होते हे कारागिराला आधी सांगा. ती धुऊन हवेशीर करायला लागणारा वेळ त्याला द्या आणि त्या वेळेचेही पैसे द्या.