दुसऱ्याचं गाणं, आपला ठेका

मागच्या महिन्यात आम्ही भजनी मंडळातल्या चौघी पुण्याला, कर्वेनगरला, एकीच्या लेकीकडे गेलो होतो. संध्याकाळी ती आम्हाला गाण्याला घेऊन गेली. जागा लहानशी, माणसं पन्नास-साठ. गाणारे इतके जवळ, की कपाळावरचा घाम दिसत होता. गाणी इंग्रजी, रॉक प्रकारची, आणि सगळी 'क्वीन' या एकाच बँडची. एखाद्या बँडची गाणी वाजवून त्याची आठवण जागती ठेवणाऱ्या अशा मंडळींना ट्रिब्यूट बँड म्हणतात. शब्द कळले नाहीत, ठेका मात्र कळला. लेक म्हणाली, "या गाण्यांचा गायक आपल्या पाचगणीत शिकलाय, बरं का!"

तो फारोख बुलसारा. १९४६ साली झांझिबार बेटावर एका पारशी घरात जन्मला. आठ वर्षांचा झाल्यावर आईवडिलांनी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात ठेवलं. तिथं १९५८ साली पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. फारोख पियानोवर असायचा. रेडिओवर ऐकलेलं गाणं तो लगेच वाजवून दाखवायचा, असं त्याचे सोबती पुढे सांगत. गाणी दुसऱ्यांची, क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांच्यासारख्यांची. ऐकणारी शाळेतलीच मुलं आणि शेजारच्या शाळेतल्या मुली.

१९६४ साली त्याचं कुटुंब इंग्लंडला गेलं. १९७० साली लंडनमध्ये 'क्वीन' उभा राहिला आणि फारोखचा फ्रेडी मर्क्युरी झाला. १९८५ साली वेम्बलीच्या मैदानावर सत्तर हजारांवर लोक त्याच्याबरोबर गात होते. १९९१ साली तो गेला. पाचगणीत तो दुसऱ्यांची गाणी वाजवत होता, आता दुसरे त्याची वाजवतात.

आम्हाला पुष्कळदा ऐकावं लागतं, "तुमचं स्वतःचं काय? जनाबाईचंच तर गाता!" आता आम्ही सांगू, गळा असाच तयार होतो आणि जनाबाईही अशीच जिवंत राहते.

पण आमच्या मनात राहिली ती दुसरीच गोष्ट. पाचगणीच्या त्या बँडमध्ये पाचही मुलगेच. मुली समोर उभ्या राहून ऐकणाऱ्या. कर्वेनगरात त्या रात्री ड्रमवर एक मुलगी बसली होती. सगळा बँड तिच्या ठेक्यावर चालत होता. कर्वेनगर म्हणजे हिंगण्याचा भाग. महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी १८९६ साली काढलेला आश्रम १९०० साली इथल्याच माळावर, एका झोपडीत आणला. बाईनं शिकावं की नाही, यावरच तेव्हा वाद होता.

येताना एसटीत आम्ही एकमेकींकडे बघितलं. टाळ आमचे, पेटी आमची, गळे आमचे. पखवाजाला मात्र दर एकादशीला कुणा भाऊंना बोलवायचं, आणि ते आले नाहीत तर भजनच रद्द! मग ठरलं, दोघींनी पखवाज शिकायचा. हात दुखताहेत, ताल चुकतोय, घरचे हसताहेत. हसू देत.

तुमच्या मंडळात पखवाज कोण वाजवतं, मैत्रिणींनो? आम्हाला कळवा.